मॉडेल विमानाचे पंख सरळ बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत घरच्या घरी, बहुतेकदा जेवणाच्या टेबलावर, बाल्साचं (अगदी हलक्या लाकडाचं) विमान बांधणाऱ्यांसाठी हे पान आहे. एनसीसीच्या हवाई शाखेतले कॅडेट, इंजिनीअरिंग कॉलेजातल्या टीम आणि पहिलंच किट उघडून बसलेले हौशी लोक, सगळ्यांची गाडी अडते ती पंखापाशी. खालचे सगळे आकडे एकाच नमुन्यासाठी दिले आहेत: धडावर पंख असलेलं साधं ट्रेनर (शिकायचं विमान), पंखांची एकूण लांबी १२०० मिमी, रुंदी २०० मिमी, पंखाचं पोट, म्हणजे खालची बाजू, बरंचसं सपाट. तुमचं विमान लहान-मोठं असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

पंख वाकडा बसला, म्हणजे नेमकं काय वाकडं असतं?

पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांची सरमिसळ केली की दुरुस्ती भलतीकडे जाते. पंखालाच पीळ असू शकतो, म्हणजे मुळापाशी मागची कड टेबलाला टेकते आणि टोकापाशी उचललेली असते, किंवा उलट. वरून पाहिल्यावर पंख धडाशी काटकोनात नसतो, एक टोक पुढे गेलेलं असतं. मागून पाहिल्यावर तो एका बाजूला कललेला दिसतो. दोन्ही बाजूंचं डायहेड्रल, म्हणजे टोकाकडे पंख वर उचललेला असण्याचा कोन, सारखं नसतं. आणि पाचवं, इन्सिडन्स, म्हणजे धडाच्या रेषेशी पंखाचा कोन, चुकलेला असतो.

यातला पीळ सर्वांत वाईट. डायहेड्रलमधला फरक डोळ्याला आधी दिसतो म्हणून लोक त्याच्याच मागे लागतात, पण हवेला पीळ आधी कळतो. राइट बंधूंनी १९०३ सालच्या विमानात पंखांची टोकं पिळूनच विमान कलवायची सोय केली होती. तुमच्या पंखात नकळत राहिलेला पीळ हेच काम करतो, फक्त तुम्हाला न विचारता.

मोजायला सुरुवात कुठून करायची?

धडापासून. धडाच्या वरच्या बाजूला नाकापासून शेपटापर्यंत पेन्सिलीने मध्यरेषा ओढा. पंखाच्या मधोमध वर आणि खाली तशीच खूण करा. मग धड टेबलावर दोन ठोकळ्यांत घट्ट बसवा आणि धडाची बाजू गुण्याने टेबलाशी काटकोनात आहे का पाहा. धडच पिळलेलं असेल तर पुढची सगळी मापं फुकट जातात.

आणि आडवी-उभी शेपटी आधी चिकटवू नका. आधी पंख धडावर बसवायचा, तो नीट बसला की शेपटी पंखाकडे बघून जुळवायची. किटच्या कागदात बऱ्याचदा शेपटीचं काम आधी दिलेलं असतं. तिथे ती नुसती सुकी बसवून ठेवा, ग्लू शेवटी.

पंखात पीळ आहे की नाही, हे खात्रीने कसं कळेल?

पंखाचा एक भाग सपाट जागेवर पोटावर ठेवा. मुंबईतल्या बहुतेक घरांत ग्रॅनाइटचा ओटा असतो, त्याच्याइतकी सपाट जागा घरात दुसरी सापडणार नाही. स्टीलची पट्टी उभी धरून आधी ओटाही तपासून घ्या. आता पंखाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक करून बोट टेकवा. जिथे दाबल्यावर टक् असा आवाज येतो आणि तिरक्या दिशेने समोरचा कोपरा हलकेच उचलला जातो, तिथे पीळ आहे. त्या फटीत साध्या कागदाच्या पट्ट्या एकेक सरकवत जा. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे दहा पट्ट्या गेल्या तर फट १ मिमीची.

दुसरी रीत सुतारांची आहे आणि ती तयार, वरून फिल्म किंवा टिश्यू कागद ताणून कव्हर केलेल्या पंखालाही चालते. अगदी सरळ अशा दोन पट्ट्या घ्या, प्रत्येकी ६०० मिमी. एक पंखाच्या मुळाशी आणि एक टोकाशी, रुंदीच्या दिशेने टेकवून धरा आणि एक डोळा मिटून टोकाच्या बाजूने पाहा. दोन्ही पट्ट्या एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. पट्टी पंखाच्या रुंदीच्या तिप्पट लांब असल्याने चूकही तिप्पट मोठी होऊन दिसते: १ अंशाचा पीळ पंखाच्या कडेला जेमतेम ३.५ मिमी असतो, पट्टीच्या टोकाला तो १० मिमीच्या वर जातो.

नकळत आलेला १ मिमीपर्यंतचा पीळ सोडून द्या. २ मिमी असेल तर काढा. ३ मिमीच्या पुढे असेल तर विमान उडवूच नका.

पीळ येतो कुठून? प्लॅनवर तर सगळं बरोबर ठेवलं होतं.

कारणं बरीच आहेत आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त असतात.

बांधणीचा बोर्ड सपाट नसणं हे पहिलं. प्लायवूडचा तुकडा भिंतीला टेकवून ठेवला की महिन्याभरात त्याला बाक येतो. १० मिमीचा सॉफ्ट बोर्ड ओट्यावर ठेवून त्यावर टाचण्या मारल्या तर हा प्रश्न उरत नाही.

दुसरं, स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या आधाराच्या, काड्या. वरची काडी कडक आणि खालची मऊ असेल, किंवा डाव्या पंखाला कडक आणि उजव्याला मऊ लागली असेल, तर टाचण्या काढल्यावर पंख आपोआप वळतो. लावण्याआधी सगळ्या काड्या एकाच टोकाला धरून आडव्या करा. ज्या सारख्या झुकतात त्यांची जोडी लावा.

तिसरं, ग्लू. फेविकॉलमध्ये पाणी असतं, त्याने बाल्सा फुगतो आणि सुकताना आकसतो. वरवर कोरडा वाटला तरी आतून ओला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा इतकी दमट असते की चार तासांत सुकणारा जोड रात्रभर घेतो. टाचण्या लवकर काढल्या की तिथेच पीळ बसतो. पावसाळ्यात २४ तास पंख बोर्डवरून उचलू नका. फेविक्विकसारख्या सुपरग्लूचं उलट आहे: तो हवेतल्या ओलाव्यानेच आवळतो, त्यामुळे आपल्याकडे तो क्षणात धरतो आणि हलवायला वेळच देत नाही. रिब (पंखाला आकार देणारी आडवी फळी) आधी बसवून, गुण्याने तपासून, मगच सांध्यावर थेंब सोडा.

चौथं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. प्लॅनचा कागद दमट हवेत पसरतो, आणि झेरॉक्सच्या मशीनवरून काढलेली प्रत लांबीत आणि रुंदीत वेगवेगळी ताणली गेलेली असू शकते. प्लॅनवरची एखादी माहीत असलेली लांबी स्टीलच्या पट्टीने उभी आणि आडवी, दोन्हीकडे मोजा. डावा पंख मूळ कागदावर आणि उजवा झेरॉक्सवर असं करू नका.

आणि शेवटचं कव्हरिंग. वरची फिल्म आधी पूर्ण ताणून मग खालची लावली की पंख वर ओढला जातो. टिश्यू आणि डोपच्या (टिश्यू ताणणाऱ्या लाखेच्या) पंखाचंही तेच. दोन्ही बाजू आधी नुसत्या चिकटवा, मग थोडी वर, थोडी खाली अशी ताणत जा.

आलेला पीळ काढायचा कसा?

पंख अजून उघडा असेल तर नशीबवान आहात. पीळ असलेल्या भागावर पाण्याचा बारीक फवारा मारा, किंवा केटलीच्या वाफेवर अर्धा-एक मिनिट फिरवा. चिंब करू नका, फेविकॉलचे सांधे सैल होतात. मग पंख उलट्या दिशेला वळवून बोर्डवर टाचण्यांनी पक्का करा. फक्त सरळ करून भागत नाही, लाकूड परत येतं. टोकाची मागची कड ३ मिमी वर असेल तर ती बोर्डाला टेकवून वर पुढच्या कडेखाली ३ मिमीची पट्टी द्या, म्हणजे तेवढाच उलटा पीळ बसेल. पंख्याखाली दोन दिवस ठेवा. काढल्यावर पुन्हा मोजा, राहिलं असेल तर पुन्हा करा.

फिल्म लावलेल्या पंखाला दोन माणसं लागतात. एकाने पंख उलट्या बाजूला हव्या त्यापेक्षा जास्त पिळून धरायचा. तेव्हा एका बाजूच्या फिल्मवर तिरक्या सुरकुत्या पडतील. दुसऱ्याने हीट गन किंवा इस्त्री फिरवून त्या सुरकुत्या घालवायच्या, मग पंख उलटा करून खालच्या बाजूला तेच. फिल्म पूर्ण गार होईपर्यंत हात सोडायचा नाही, घाई करणाऱ्यांचं काम इथेच बिघडतं. तापमान फिल्मच्या पाकिटावर दिलेल्या आकड्यांपैकी खालच्या आकड्यापासून सुरू करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, कारण उन्हात ठेवल्यावर फिल्म थोडी सैल पडते आणि पीळ डोकं वर काढतो.

पंखाच्या पुढच्या भागावर वर-खाली बाल्साची शीट असेल, तर ती बंद नळी झालेली असते. तिला वाफेने किंवा इस्त्रीने काही होत नाही. खालच्या शीटचा सांधा ब्लेडने लांबीभर सोडवायचा, पंख बोर्डवर वजनाखाली सरळ धरायचा आणि पुन्हा चिकटवायचा. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही.

थोडा पीळ मुद्दाम ठेवतात असं ऐकलं. मग हे सगळं कशासाठी?

खरं आहे, त्याला वॉशआउट म्हणतात. दोन्ही टोकांची मागची कड सारखीच उचललेली असते, त्यामुळे टोकाचा कोन मुळापेक्षा कमी राहतो. विमान अगदी हळू झालं की पंखाचा मधला भाग आधी स्टॉल होतो, म्हणजे विमान उचलून धरायचा जोर गमावतो, टोकं हवा धरून राहतात आणि विमान एका बाजूला कोसळत नाही. आपल्या नमुन्याला ३ ते ४ मिमी, म्हणजे सुमारे १ अंश पुरे. बांधतानाच मागच्या कडेखाली, अर्ध्या पंखापासून टोकापर्यंत वाढत जाणारी पाचर ठेवा.

महत्त्वाचं ते दोन्ही बाजू सारख्या असणं. फरक अर्ध्या मिलीमीटरच्या आत हवा. आणि दिशा उलटी झाली, म्हणजे टोकाची मागची कड खाली गेली, तर तो घातक प्रकार आहे. उतरताना वेग कमी केला की तेच टोक आधी स्टॉल होतं आणि विमान जमिनीजवळ अचानक उलटतं.

डायहेड्रलचे अंश टेबलावर कसे मोजायचे?

अंश विसरा, मिलीमीटर मोजा. अर्धा पंख ६०० मिमी आहे. प्रत्येक बाजूला ३ अंश हवे असतील तर टोक ३१ मिमी वर, ५ अंशांना ५२ मिमी. जोडताना एक अर्धा टेबलावर सपाट दाबून ठेवतात, तेव्हा दोन्ही बाजूंचा कोन एकाच टोकाला येतो: ३ अंशांच्या पंखासाठी दुसऱ्या टोकाखाली ६३ मिमीचा ठोकळा. पुस्तकांची चळत ठेवू नका, ती दबते. लाकडाचा ठोकळा कापून घ्या आणि टोकाच्या पुढच्या व मागच्या, दोन्ही कडांखाली तो सारख्या उंचीचा असू द्या, नाहीतर इथेच पीळ शिरतो.

मधला ब्रेस, म्हणजे दोन अर्धे जोडणारी पट्टी, २ किंवा ३ मिमी प्लायचा असावा आणि सांधा संथ आवळणाऱ्या इपॉक्सीने भरावा. पाच मिनिटांच्या इपॉक्सीत मापं घ्यायला वेळ पुरत नाही.

जोडल्यावर एका बाजूला ३१ आणि दुसरीकडे ३४ मिमी आलं, तर तसंच राहू द्या. एवढ्यासाठी सांधा तोडू नका.

पंख बसवला आणि मागून पाहिलं तर एका बाजूला कललेला दिसतो. काय करू?

आधी नीट पाहा. विमान टेबलावर ठेवून किमान ३-४ मीटर मागे जा. खोलीत तेवढी जागा नसेल तर चाळीची गॅलरी किंवा इमारतीचा पॅसेज उपयोगी पडतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिड लावून, लांबून झूम करून काढलेला फोटो डोळ्यापेक्षा जास्त खरं सांगतो.

मग टेबलापासून दोन्ही टोकांची उंची मोजा. समजा फरक १२ मिमी आला. धडावरची पंखाची बैठक ८० मिमी रुंद आहे. फरकाला पंखाच्या लांबीने भागून बैठकीच्या रुंदीने गुणा: १२ भागिले १२००, गुणिले ८०, म्हणजे ०.८ मिमी. टोक ज्या बाजूला खाली आहे, त्या बाजूच्या बैठकीवर ०.८ मिमीची पट्टी चिकटवायची, किंवा समोरची बाजू तेवढी घासायची. घासायचं असेल तर पंखाच्या पोटावर मधोमध ८० नंबरचा पॉलिश पेपर उताणा चिकटवा आणि पंखच बैठकीवर मागे-पुढे घासा. बैठक पंखाच्या आकाराचीच होते. दर दहा-बारा फेऱ्यांनी मोजा, बाल्सा फार पटकन जातो.

आणि वरून पाहता तिरका असेल तर?

शेपटाच्या मध्यापासून दोन्ही टोकांच्या सारख्याच बिंदूपर्यंत अंतर मोजा. शिवणाचा दोरा ताणला जातो, स्टीलची टेप किंवा बारीक तार वापरा. शेपूट पंखापासून ७०० मिमी लांब असेल आणि दोन मापांत ५ मिमी फरक असेल, तर पंख जेमतेम ०.३ अंश फिरलेला आहे आणि टोक ३.३ मिमी सरकलेलं आहे. २ मिमीपर्यंतचा फरक चालतो.

पंख बोल्टने बसत असेल तर मागचं भोक साधारण १ मिमी आडवं वाढवा, पंख जुळवून बोल्ट आवळा, आणि उरलेली फट इपॉक्सीत बाल्साचा भुसा मिसळून भरा. रबर बँडने बसत असेल तर दोष बहुतेकदा बांधणीत नसतो, पंख प्रत्येक वेळी थोडा सरकतो इतकंच. वर ओढलेली मध्यरेषा धडाच्या रेषेशी जुळवून मग बँड चढवा. आपल्या नमुन्याला कमीत कमी आठ बँड, शेवटचे दोन फुलीसारखे. मुंबईच्या उकाड्यात रबर लवकर कुजतं, तडा दिसलेला बँड लगेच टाकून द्या.

मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅप चालतं का?

चालतं, पण एका अटीवर: त्याचा आकडा खरा मानू नका, दोन आकड्यांमधला फरक माना. फोन पट्टीवर ठेवून डाव्या पंखाचा कोन वाचा, मग त्याच पट्टीवर तशाच दिशेने उजव्याचा. आडव्या शेपटीचाही घ्या. ट्रेनरमध्ये पंख शेपटीपेक्षा साधारण २ अंश जास्त असतो, म्हणजे पंखाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा सुमारे ७ मिमी वर. तुमच्या प्लॅनवर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

लोकलने न्यायचं म्हणून पंख दोन तुकड्यांत केला. आता दोन्ही बाजूंचा कोन जुळत नाही.

मुंबईत हे होणारच, सव्वा मीटरचा अखंड पंख लिफ्टमध्ये मावला तरी गर्दीच्या डब्यात टिकत नाही. दोन्ही भाग मधल्या नळीवर बसतात आणि मागच्या कडेजवळच्या ३ मिमीच्या पिनेने फिरायचे थांबतात. चूक त्या पिनेच्या भोकात असते. नळीपासून १३० मिमीवर १ मिमी चुकलं की जवळजवळ अर्ध्या अंशाचा फरक पडतो, आणि तो पिळासारखाच वागतो.

पिनेचं भोक ५ मिमी करा. दोन्ही पंख नळीवर चढवून ओट्यावर सारख्या ठोकळ्यांवर बसवा, पट्ट्या ठेवून कोन जुळवा. पिनेला व्हॅसलीनचा पातळ हात द्या, भोकात इपॉक्सी भरा, पीन घाला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. पीन सुटून येते आणि भोक नेमकं जिथे हवं तिथे तयार होतं.

उडवल्यावर विमान सतत डावीकडे कलतं. दोष पंखाचाच कशावरून?

मोटर बंद करून पाहा. नुसत्या ग्लाइडमध्ये सरळ जात असेल तर दोष मोटरच्या जोराचा किंवा तिच्या कोनाचा आहे, पंखाला हात लावू नका.

ग्लाइडमध्येही कलत असेल तर एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या फळ्यांच्या) ट्रिमने, म्हणजे रिमोटवरून दिलेल्या कायमच्या बारीक फेरफाराने, सरळ करा आणि वेग कमी-जास्त करून बघा. पीळ आणि ट्रिम दोघांचा जोर वेगाबरोबर सारखाच वाढतो, म्हणून पिळाचा दोष एकदा ट्रिम केला की बहुतेक वेगांना सरळ राहतो. हळू झाल्यावर पुन्हा डावीकडे पडू लागलं तर डावा पंख जड आहे. विमान प्रॉपेलरच्या शाफ्टला आणि शेपटाखाली, दोन टोकांना उचलून पाहा. जड बाजू खाली जाईल. हलक्या टोकात एक-एक खिळा घालत समतोल साधा. या आकाराच्या विमानाला बहुधा काही ग्रॅमच लागतात.

ट्रिमने भागतंय म्हणून पीळ तसाच ठेवणं मात्र चूक. स्टॉलच्या वेळी ट्रिम तुमच्या बाजूने राहत नाही.

थर्माकोल किंवा फोम शीटच्या पंखाचं काय?

सुपरग्लू आणि थिनर थर्माकोल खातात, फोमसाठीचा ग्लू किंवा इपॉक्सी वापरा. पीळ काढायला हेअर ड्रायर, हीट गन नको. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला फोमचा पंख परत पिळलेलाच मिळेल.

प्लास्टिकच्या किटमध्ये पंख जोडताना डायहेड्रल बसत नाही.

मुळाशी फट ठेवून पंख हवा तितका उचला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून मास्किंग टेप ताणून लावा आणि मग पातळ प्लास्टिक सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडणारा ग्लू, फटीत सोडा. टेपच पंखांना वर धरून ठेवते. उरलेली फट प्लास्टिक शीटच्या तुकड्याने भरा. आधी मूळ विमानाचे फोटो पाहा: भारतीय हवाई दलानेही वापरलेल्या टायगर मॉथचे पंख मुळातच मागे झुकलेले आहेत, पुढच्या कॉकपिटमधून बाहेर पडायला सोपं जावं म्हणून. ते ‘सरळ’ करायला जाऊ नका.

हत्यारं कोणती आणि कुठे मिळतील?

३०० आणि ६०० मिमीच्या स्टीलच्या पट्ट्या, छोटा गुण्या, स्टीलची टेप, काचेच्या डोक्याच्या टाचण्या, दोन सरळ अॅल्युमिनियम पट्ट्या आणि वजनाला वाळूच्या पिशव्या. पहिल्या तीन गोष्टी नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळतात. गुण्या घेताना दुकानातच तपासा: सरळ कडेवर रेघ मारा, उलटा करून पुन्हा मारा, दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत.

पावसाळ्यात तयार पंख कुठे ठेवायचा?

कपाटावर भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंतीकडची बाजू ओल धरते आणि पंख वळतो. प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून आतल्या भिंतीवर दोन ठिकाणी पट्ट्यांनी टांगा. स्वयंपाकघरात नको. पाऊस संपल्यावर उडवण्याआधी पट्ट्या लावून पीळ पुन्हा मोजा.

दुरुस्ती झाल्यावर मुंबईत तपासायचं कुठे?

रिमोटची मॉडेल विमानंही ‘ड्रोन नियम २०२१’ मध्ये येतात. शहराच्या मधोमध सांताक्रूझ आणि जुहू अशी दोन विमानतळं आहेत, त्यामुळे जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर झोन बघा. शिवाय मुंबई पोलिस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवरची हलकी विमानंही असतात, त्या दिवशीचा आदेश वाचल्याशिवाय बाहेर पडू नका. झोन आणि आदेश दोन्ही मोकळे असतील, तर उंच गवताच्या मोकळ्या जागेवर, वारा पडलेला असताना, मोटर न लावता खांद्याच्या उंचीवरून हलकेच, नाक किंचित खाली धरून सोडा. जी काही हलकी झुळूक असेल तिच्या तोंडावर चार-पाच वेळा सोडून प्रत्येक वेळी ते कुठे टेकतं ते बघा. दर वेळी एकाच बाजूला वळलं, तर पट्ट्या घेऊन पुन्हा ओट्यापाशी.